भेदरलेला कुत्रा आणि बर्डीची गर्दी

घाबरट कुत्र्याला गर्दीत नेलं की त्याची भीड चेपते, असा समज पक्का आहे. म्हणून नागपुरात रविवारी संध्याकाळी फुटाळा तलावावर अशी जोडी हमखास दिसते: साखळीच्या एका टोकाला जीव तोडून भुंकणारा कुत्रा, दुसऱ्या टोकाला ओशाळलेला मालक. बाजूने जाणारा कुणीतरी विचारतोच, "काहून भुकून राहिला एवढा?"

प्रश्न रास्त आहे आणि बहुतेक वेळा उत्तर भीती हेच असतं. धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भीती हाताळणारा भाग, शरीराला सज्ज करतो, अ‍ॅड्रेनालिन उसळतं. प्राणी पळतो, थिजतो किंवा अंगावर जातो. साखळीतल्या कुत्र्याला पळायला वाटच नसते, मग तो भुंकतो. समोरचा कुत्रा त्याच्या वाटेने निघून जातो, पण याच्या लेखी भुंकल्यामुळे बला टळलेली असते. पुढच्या वेळी तो आणखी लवकर भुंकतो. गर्दीत रोज नेणं म्हणजे या धड्याची रोज उजळणी.

औषध आहे ते अंतरात. दुसरा कुत्रा दिसतोय, कान टवकारलेत, पण हातातला चिकनचा तुकडा अजून घेतो, इतकं लांब उभं राहायचं. कुणाला वीस मीटर पुरतात, कुणाला अख्खं मैदान लागतं. आवडता खाऊ नाकारला तर आपण फार जवळ आलो, मागे फिरायचं. ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, या खुणा भुंकण्याच्या आधी येतात.

हे तंत्र कुत्र्यांवर शोधलं गेलं नाही, ही त्यातली गंमत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली पीटर नावाच्या, जेमतेम तीन वर्षांच्या, सशाला घाबरणाऱ्या मुलाचा अहवाल प्रसिद्ध केला. पीटर आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा आणि तो घाबरणार नाही इतकाच जवळ सरकवायचा. शेवटी तो सशाला कुरवाळू लागला. मधल्या काळात मात्र त्याची भीती एकदा पूर्ण परतली होती, कारण दवाखान्यातून निघताना एक मोठा कुत्रा अंगावर आला होता!

"भुंकताना खाऊ दिला तर भुंकणं वाढेल ना?" ही शंका नेहमी येते. इथे खाऊ बक्षीस म्हणून द्यायचा नसतो. दुसरा कुत्रा दिसला की चिकन येतं, ही जोडी मेंदूत बसवायची असते. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या, खुणेमागोमाग खाणं देण्याच्या प्रयोगांतलं तत्त्व तेच. म्हणून क्रम मोडायचा नाही: आधी दर्शन, मग लगेच खाऊ. उलट केलं तर खाऊची पिशवी निघणं हीच धोक्याची सूचना ठरू शकते.

नागपुरात याला दोन अडचणी. पहिली, गल्लीतली मोकळी कुत्री. आपण अंतर राखलं तरी ती राखत नाहीत. रुंद, दोन्हीकडे दूरवर दिसणारा रस्ता निवडावा आणि वळायला जागा ठेवावी. दुसरी, ऊन. मे महिन्यात डांबराने पंजे पोळतात, शिवाय उन्हाची धाप आणि भीतीची धाप सारखीच दिसते. सराव पहाटेच बरा. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी महाल-इतवारीत असं जनावर नेणं हा निव्वळ छळ आहे.

धरमपेठेच्या शांत गल्लीत जमलेलं बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या गजबजलेल्या बाजारात, जमेलच असं नाही. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवी शिकवण बसते, आणि ती बरीचशी त्या त्या जागेला चिकटलेली असते. प्रत्येक नव्या ठिकाणी पुन्हा लांबूनच सुरुवात करायची. आदल्या रात्री फटाक्यांनी हादरलेला कुत्रा सकाळी चिडका असेल, तर त्या दिवशी सुट्टी.

हिसका देणं, काटेरी पट्टा, ओरडणं यांनी गुरगुर बंद होऊ शकते, भीती नाही. मग इशारा न देता चावणारा कुत्रा तयार होतो. त्यापेक्षा छातीपट्टा आणि सवय लावलेलं जाळीचं मुसकं बरं. मुसक्यात धाप टाकता आली पाहिजे आणि खाऊही घेता आला पाहिजे.

कितीही लांब उभं राहिलं तरी खात नसेल, तर पशुवैद्यकांना दाखवावं. दुखण्यामुळेही कुत्री चिडतात. गरज पडल्यास ते फ्लुओक्सेटिनसारखं चिंता कमी करणारं औषध देतात. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि सराव तेव्हाही चालूच ठेवावा लागतो. घरातल्या माणसाच्या गोळ्या अर्ध्या करून देऊ नयेत.