वयनोंदीतील अंकपसंती

लोकांनी सांगितलेली वये ठरावीक अंकांवर, मुख्यतः ० आणि ५ ने संपणाऱ्या संख्यांवर, साचण्याची प्रवृत्ती. जनगणना, केसपेपर, लग्नाची नोंदवही अशा जिथे जिथे वय तोंडी विचारले जाते, तिथे ती आढळते. वयाच्या आलेखावर ३०, ३५, ४० येथे सुळके उभे राहतात आणि २९, ३१, ३९, ४१ येथे खळगे पडतात. भारतीय सामग्रीत ० आणि ५ खालोखाल सम अंकांना, विशेषतः ८ आणि २ यांना, पसंती दिसते. १, ३, ७, ९ टाळले जातात.

मराठी बोलण्यातच याची काही कारणे सापडतात. तिशी, चाळिशी, पन्नाशी हे वयाचे रुळलेले टप्पे आहेत. एकोणतीस किंवा एकोणचाळीस ही नावेच पुढच्या दशकातून एक वजा करून बनली आहेत. शिवाय ‘चाळिसावं लागलं’ म्हणणाऱ्याचे पूर्ण वय ३९ असते. प्रगणकाने ‘पूर्ण वर्षे’ असे बजावून विचारले नाही, तर कागदावर ४० पडतात.

मापन : सर्वाधिक वापरला जाणारा व्हिपल निर्देशांक २३ ते ६२ या वयांवर काढतात. या ४० वर्षांत ० किंवा ५ ने संपणारी वये आठच (२५, ३०, … ६०), म्हणजे एक पंचमांश. सुरुवात २३ पासून करण्याचे कारण असे, की २३–२७, २८–३२ या प्रत्येक पंचकाच्या मधोमध आकर्षक अंक येतो. या आठ वयांवरील लोकसंख्येला ५ ने गुणून २३–६२ च्या एकूण लोकसंख्येने भागायचे व १०० ने गुणायचे. पसंती मुळीच नसेल तर १०० उत्तर येते; सगळ्यांनीच ० किंवा ५ सांगितले तर ५००.

समजा, एका गावात या वयोगटातील १,००० माणसे आहेत. ० किंवा ५ ने संपणारे वय सांगणारे सुमारे २०० अपेक्षित. द्विपद वितरणाने प्रमाण विचलन (निव्वळ योगायोगाने होणाऱ्या चढउताराचे माप) √(१,००० × ०.२ × ०.८), म्हणजे सुमारे १२.६ येते, तेव्हा १७५ किंवा २२५ आले तरी तो योगायोग मानता येईल. ४०० आले तर अंतर प्रमाण विचलनाच्या जवळजवळ १६ पट होते आणि योगायोग हे उत्तर उरत नाही. गणना वाढवून हा दोष जातही नाही. यादृच्छिक चुका मोठ्या संख्येत एकमेकींना खोडतात. इथे मात्र सगळे एकाच बाजूला झुकतात, म्हणून गावाऐवजी जिल्हा घेतला तरी सुळके तिथेच राहतात. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतवारीत निर्देशांक १०५ च्या आत असलेली सामग्री अत्यंत अचूक, १७५ वरील अगदी ढोबळ ठरते. विसाव्या शतकातील बहुतेक भारतीय जनगणना या शेवटच्या वर्गात मोडतात.

निर्देशांकाला जॉर्ज चँडलर व्हिपल (१८६६–१९२४) या अमेरिकी आरोग्य-अभियंत्याचे नाव आहे. त्यांचा जन्ममृत्यू सांख्यिकीवरील ग्रंथ १९१९ चा. तथापि अमेरिकी जनगणना कार्यालयाच्या वयविषयक विश्लेषणात ‘केंद्रीकरणाचा निर्देशांक’ या नावाने असेच गणित त्याआधी, निदान १९१० च्या जनगणनेच्या सुमारास, रूढ होते. व्हिपल यांना जनकापेक्षा प्रसारक म्हणणे अधिक योग्य वाटते. ० आणि ५ खेरीज इतर अंकांबाबत हे माप मुके आहे. ती उणीव रॉबर्ट मायर्स यांच्या १९४० च्या पद्धतीने भरून निघाली. वय वाढते तशी माणसे घटतात, त्यामुळे १० पासून मोजणी सुरू केली की ० ला आपोआप झुकते माप मिळते. मायर्स यांनी प्रत्येक अंकापासून आळीपाळीने मोजणी सुरू करून हा लाभ वाटून टाकला.

भारतात हा प्रश्न विमागणितज्ञांनी प्रथम अंगावर घेतला. १८८१, १८९१ व १९०१ च्या जनगणनांवरून जीवनसारण्या (कोणत्या वयाला किती जण मरतात व सरासरी किती आयुष्य उरते याची कोष्टके) करताना जी. एफ. हार्डी यांना वयांचे वक्र आधी गुळगुळीत करावे लागले. पुढे १९११ साठी टी. जी. ॲकलंड आणि १९३१ साठी एल. एस. वैद्यनाथन यांनी हे काम केले. १९३१ ला पूर्ण वयाऐवजी सर्वांत जवळच्या वाढदिवसाचे वय विचारले गेले, म्हणून त्या वर्षाची तुलना जपून करावी लागते. वये पंचकांत बांधली की दोष मिटतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. ३८–३९ च्या माणसाने ४० सांगितले की ३५–३९ हा गट आटतो, ४०–४४ फुगतो. ३८–४२ असा गट बांधल्यास हे टळते; पण लोक वय दोन्ही बाजूंनी सारखेच गोल करत असतील तरच.

आर्थिक इतिहासकार अंकपसंतीवरून जुन्या समाजांची गणनसाक्षरता, म्हणजे आकडे हाताळण्याची कुवत, अजमावतात. फ्लॉरेन्सची १४२७ ची करनोंद आणि रोमन थडग्यांवरील वये यांचा असा अभ्यास झाला आहे. याविरुद्ध मत असे, की वयाची अचूकता हिशेबाच्या कौशल्यापेक्षा कालगणनेच्या रीतीवर व नोंदी ठेवणाऱ्या व्यवस्थेवर अवलंबून असते. चीनमध्ये जन्मवर्षाचा प्राणी प्रत्येकाला ठाऊक असल्याने निरक्षरांचीही वये बरीच नेमकी मिळतात. हे उदाहरण दुसऱ्या मताला बळ देते.

उपाय म्हणून सर्वेक्षणांत घटनापट, म्हणजे सर्वांना आठवणाऱ्या घटनांची सालवार यादी, वापरतात. ‘असेल पन्नास’ म्हणणाऱ्या आजींना पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१), कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) किंवा बहात्तरचा दुष्काळ आठवतो का, तेव्हा थोरलं पोर कडेवर होतं की शाळेत जात होतं, असे विचारत गेले की वय दोन-तीन वर्षांच्या टप्प्यात येते. आजींनी काही लपवलेले नसते. त्यांना साल कधी लागलेच नव्हते.

जन्मतारखांची गर्दी हा याच कुळातला प्रकार. महाराष्ट्रात जन्मदाखला नसलेल्या मुलाला पहिलीत घेताना गुरुजी १ जून ही तारीख घालत, म्हणजे शाळा उघडताना वय पुरेसे भरे. ७३० जणांच्या यादीत एका तारखेला सरासरी दोघे यावेत. जुन्या हजेरीपटांत या तारखेचे कितीतरी जण ओळीने भेटतात. व्हिपल निर्देशांकाला ही गर्दी दिसत नाही, कारण तो केवळ वयाचा शेवटचा अंक पाहतो. ती दिसते सेवापुस्तकांत : महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, आणि म्हणून राज्यातील कार्यालयांत ३१ मे रोजी निरोपसमारंभांची रांग लागते.