गुडघ्याच्या गाद्या आणि अस्थिबंध

मांडीच्या हाडाची दोन गोलसर टोके नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकतात. ही बेमेळ जोडी जागेवर धरतात दोन अर्धचंद्राकृती कूर्चा आणि चार मुख्य अस्थिबंध : सांध्याच्या मध्ये एसीएल (पुढचा) आणि पीसीएल (मागचा), कडेला एमसीएल (आतल्या बाजूचा) आणि एलसीएल (बाहेरच्या बाजूचा). बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बोलण्यात कूर्चा म्हणजे ‘गादी’ आणि अस्थिबंध म्हणजे सरळ ‘लिगामेंट’. मणक्यातली चकतीही गादीच, त्यामुळे ‘गादी गेली’ म्हटल्यावर कुठली, हे विचारावेच लागते.

गाद्यांची टोके नडगीच्या माथ्यावर मधोमध, खडबडीत भागात रुजलेली असतात. पुढून मागे क्रम असा : आतल्या (दुसऱ्या पायाकडच्या) गादीचे पुढचे टोक, एसीएल, बाहेरच्या गादीचे पुढचे टोक, तिचेच मागचे टोक, आतल्या गादीचे मागचे टोक, शेवटी पीसीएल. बाहेरच्या गादीची दोन्ही टोके अशी जवळ आल्याने ती जवळजवळ पूर्ण कडे होते. आतली विळ्यासारखी उघडी राहते. एसीएल वर, मागे आणि बाहेर जात मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या टोकाला आतून चिकटतो. पीसीएल पुढे येत आतल्या टोकाला धरतो. दोघांची फुली होते.

खरा फरक कडेला आहे. आतली गादी सांध्याच्या वेष्टनाला आणि एमसीएलच्या खोल थराला घट्ट जोडलेली असते. बाहेरची गादी एलसीएलला चिकटतच नाही; दोघांमधून पॉप्लिटियस या गुडघ्यामागच्या स्नायूचा कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, जातो. म्हणून ती थोडी सरकू शकते, आतलीला ती मुभा नसते. आखाड्याच्या मातीत पाऊल रुतले आणि वाकलेल्या गुडघ्यावर धड गरकन फिरले, तर बहुधा आतलीच फाटते. फाटलेली पट्टी बादलीच्या कडीसारखी सांध्याच्या मध्ये आली की पाय सरळ होत नाही, ‘गुडघा अडकला’ म्हणतात तो असा. तो ओढून सरळ करण्याची हौस महागात पडते. प्रौढ माणसात रक्तपुरवठा गादीच्या बाहेरच्या कडेपुरताच असतो; तिथली चीर टाके घालून भरून येऊ शकते, आतल्या कडेची सहसा नाही.

एमसीएल रुंद पट्टा आहे, सांध्याच्या रेषेखाली बरेच अंतर उतरून नडगीला चिकटतो. एलसीएल मात्र नडगीला नव्हे, शेजारच्या बारीक हाडाच्या डोक्याला धरतो. एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर टेकवून बसले, की उचललेल्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस तो ताठ दोरीसारखा बोटाला लागतो.