चर्च आणि सिनेमा : बंदीच्या यादीपासून ज्यूरीच्या खुर्चीपर्यंत

१९१०-११च्या सुमारास गिरगावातल्या एका चित्रपटगृहात दादासाहेब फाळक्यांनी येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त होता, पण मनात राम-कृष्ण उभे राहत होते, असं त्यांनी पुढे 'नवयुग' मासिकात लिहिलं. तोच चित्रपट त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंना नेऊन दाखवला. पडदा माणसाच्या श्रद्धेपर्यंत पोहोचतो, हे एका मराठी माणसाला एवढ्या लवकर उमगलं होतं.

चर्चलाही ही ताकद कळली, आणि त्याची धास्ती वाटली. अमेरिकेत १९३४ पर्यंत कॅथलिकांची 'लीजन ऑफ डीसन्सी' उभी राहिली. चित्रपटांना अ, ब, क असे दर्जे मिळू लागले. 'क' म्हणजे निषिद्ध. वर्षातून एकदा सगळी मंडळी चर्चमध्ये उभी राहून शपथ घेत असे, की असले चित्रपट आम्ही पाहणार नाही. त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या कार्डिनलनी तर सगळ्याच चित्रपटगृहांवर बहिष्कार पुकारला. २९ जून १९३६ रोजी पोप अकरावे पायस यांनी 'विजिलांती कुरा' या परिपत्रकात लीजनचं कौतुक केलं. मात्र चांगला सिनेमा माणसाला घडवू शकतो, हेही त्यात होतं. लोकांच्या लक्षात यादी राहिली आणि हे वाक्य मागे पडलं, याचं मला वाईट वाटतं.

युरोपातली वाट थोडी वेगळी होती. कॅथलिकांची आंतरराष्ट्रीय चित्रपट संघटना 'ओसिक' १९२८ सालीच स्थापन झाली होती. प्रोटेस्टंटांची 'इंटरफिल्म' १९५५ मध्ये आली. महोत्सवांत यांच्या ज्यूरी बसू लागल्या, पारितोषिकं देऊ लागल्या. १९६४ मध्ये व्हेनिसला ओसिकने इटालियन दिग्दर्शक पासोलिनीच्या चित्रपटाला, म्हणजे मत्तयच्या शुभवर्तमानावर (बायबलमधल्या येशूच्या चरित्रावर) बेतलेल्या चित्रपटाला, पारितोषिक दिलं. पासोलिनी मार्क्सवादी आणि नास्तिक. १९६२ साली पोप तेविसावे जॉन इटलीतल्या असिसीला आले, त्या दिवशी तिथे असलेला पासोलिनी गर्दीमुळे खोलीतच अडकला आणि हाताशी होतं ते शुभवर्तमान वाचत बसला. चित्रपट त्याने त्याच पोपच्या स्मृतीला अर्पण केला.

१९७४ पासून कान महोत्सवात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकाच ज्यूरीत बसतात. त्यांचं पहिलं पारितोषिक जर्मन दिग्दर्शक फासबिंडरच्या 'अली : फिअर ईट्स द सोल'ला मिळालं. त्यात सफाईकाम करणारी वयस्क जर्मन विधवा तरुण मोरोक्कन कामगाराशी लग्न करते. ती मुलांना घरी बोलावते, नवऱ्याची ओळख करून देते. कोणी काही बोलत नाही. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सरकतो. मग एक मुलगा उठतो आणि लाथ घालून टीव्ही फोडतो. 'आपल्या शेजाऱ्यावर प्रीती कर' हे वचन त्या खोलीत कोणी उच्चारत नाही, तरी मला ते तिथेच सर्वांत स्पष्ट ऐकू येतं. ज्यूरीने हा चित्रपट निवडला, तेव्हा ख्रिस्ती नजर विषयावरून ओळखायची नसते, हेही ठरून गेलं.

आपल्याकडे हा विचार रुजवला गॅस्टन रोबर्ज या कॅनडाच्या जेझुइट धर्मगुरूंनी. १९६१ साली भारतात येताना वाटेत न्यूयॉर्कला त्यांनी सत्यजित राय यांची अपू चित्रत्रयी, म्हणजे अपू या बंगाली पुरोहिताच्या मुलाची तीन चित्रपटांतली गोष्ट, पाहिली. १९७० मध्ये त्यांनी कोलकात्यात 'चित्रबाणी' हे केंद्र सुरू केलं, राय यांच्या पाठिंब्याने. फाळक्यांना ख्रिस्ताच्या चित्रपटात कृष्ण दिसला होता. रोबर्ज यांना अपूच्या गोष्टीतून भारताची पहिली ओळख झाली.