सोळा-सतरा वर्षांचं मूल घरी ठेवायचंय? साताऱ्यातली अर्जाची वाट

दुसऱ्याचं पोर शिकायला घरी ठेवणं साताऱ्याला नवीन नाही. भाचा येतो, गावाकडच्या ओळखीचा मुलगा येतो, आयटीआय करतो, मार्गाला लागतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या पोरांसाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, हे इथल्या शाळेत प्रत्येकाने ऐकलेलं असतं. पण बालगृहातलं मूल घरी आणायचं असेल, तर मन मोठं असून भागत नाही. त्याला बाल कल्याण समितीचा लेखी आदेश लागतो. संस्थेतल्या कुणी ‘न्या की, नंतर बघू कागदाचं’ म्हटलं तरी नेऊ नका.

आधी मुलाचं वय विचारा, कारण वाट तिथेच फुटते. १८ पूर्ण झालेली नसतील तर बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४४ खाली प्रतिपालकत्व मिळतं. कार्यालयात ‘फोस्टर केअर’ म्हणालात की लगेच कळतं. १८ पूर्ण झाली असतील तर कलम ४६, म्हणजे अनुरक्षण, ‘आफ्टर केअर’: संस्था सोडलेल्या तरुणाला मिळणारा पैशाचा किंवा इतर आधार. पहिल्यात मूल तुमच्या घरी सोपवलं जातं. दुसऱ्यात तो सज्ञान माणूस असतो. त्याला कुणी सोपवत नाही, तो त्याच्या मर्जीने तुमच्याकडे राहतो. मूल नात्यातलं असेल, आई-वडील गेलेले असतील, तर आधी बाल संगोपन योजनेची चौकशी करा. तिला आता सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे (त्यांचं नायगाव आपल्याच खंडाळा तालुक्यातलं) आणि महिन्याला २,२५० रुपये मिळतात.

प्रतिपालकत्वासाठी लग्न झालेलंच असावं, ही अट राहिलेली नाही. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित व्यक्तीही अर्ज करू शकते. मात्र एकट्या पुरुषाकडे मुलगी दिली जात नाही. जोडपं असेल तर किमान दोन वर्षांचा स्थिर संसार हवा आणि दोघांच्या वयाची बेरीज किमान ७० हवी. एकट्या व्यक्तीचं वय किमान ३५ हवं. स्वतःची मुलं असली तरी चालतं. माझ्या मते ती असलेली बरी, पण त्यांना आधी विचारा. पंधरा वर्षांच्या मुलीला अचानक खोली वाटून घ्यायला सांगितलंत, तर घरात काय होईल ते सांगायला नको.

अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायचा. हा कक्ष जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाच्या अखत्यारीत चालतो. दत्तकासाठी असलेल्या ‘केअरिंग्ज’ या केंद्रीय पोर्टलवरही नोंदणीची सोय आहे. तरी एकदा समक्ष जाऊन या, निम्म्या शंका तिथेच मिटतात. सोबत आधार, राहत्या घराचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा, लग्नाचा किंवा घटस्फोटाचा कागद, कुटुंबाचा अलीकडचा फोटो, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि तुम्हाला ओळखणाऱ्या दोघांची पत्रं ठेवा. उत्पन्नासाठी पगारपत्रक किंवा आयकर विवरण चालतं. शेती असेल तर तहसीलदारांचा दाखला काढा, तो सेतूतून मिळतो. पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीला वेळ जातो, म्हणून तिचा अर्ज सगळ्यात आधी टाका.

मग गृहभेट. लोक याच दिवशी घाबरतात आणि घराला रंग काढतात. गरज नाही. येणारा समाजसेवक टीव्ही केवढा आहे ते बघत नाही. मूल झोपणार कुठे, अभ्यासाला बसणार कुठे, घरात दारू किंवा मारहाण आहे का, म्हाताऱ्या सासूबाईंना हे सगळं मान्य आहे का, हे तो बघतो. सासूबाईंना पढवून ठेवू नका, त्या बरोबर भलतंच बोलून जातात.

अहवाल समितीपुढे जातो, मुलाचंही म्हणणं ऐकलं जातं आणि मग आदेश निघतो. त्यानंतर दर महिन्याला तपासणी असते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतून मुलामागे महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे. कॉलेजची फी, कपडे, एसटीचा पास एवढ्यात बसवताना तारांबळ होते, तेव्हा पैशाकडे बघून अर्ज करू नका.

आता खरी मेख. कायद्यात अनुरक्षणाची व्याख्या ‘संस्थेतली काळजी सोडलेली’ १८ ते २१ वयाची व्यक्ती अशी आहे. तुमचा मुलगा सतराव्या वर्षी बालगृह सोडून तुमच्या घरी आला आणि इथेच अठराचा झाला, तर त्याला अनुरक्षणाचा लाभ मिळणार का? हा प्रश्न आदेश निघण्याआधी समितीला लेखी विचारा आणि पोच घ्या. अठराव्या वाढदिवसानंतर विचारलात तर तुमची बाजू कच्ची पडते. मिशन वात्सल्यमध्ये अनुरक्षणाचीही रक्कम ४,००० आहे आणि अपवादात्मक परिस्थितीत ती २३ व्या वर्षापर्यंत वाढवता येते. हे पैसे त्या तरुणाचे, तुमच्या भाड्याचे नाहीत. त्याने स्वखुशीने किराण्याला हातभार लावला तर गोष्ट वेगळी.

दोन्ही पालक नसतील तर मूल संस्थेत असतानाच अनाथ प्रमाणपत्राचं बघा. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे जातो आणि प्रमाणपत्र पुण्याच्या विभागीय उपायुक्तांकडून येतं. २०१८ पासून राज्यात शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांना १ टक्का समांतर आरक्षण आहे, ते याच कागदावर मिळतं. आई हयात असेल तर हे प्रमाणपत्र मिळत नाही, उगाच हेलपाटे घालू नका.

बाकी बँक खातं, पॅन, मतदार यादीतलं नाव ही कामं त्याच्याकडूनच करून घ्या. तुम्ही रांगेत मागे उभे राहा. पहिल्या खेपेला तो फोटो विसरेल, दुसऱ्या खेपेला झेरॉक्स. तिसऱ्या खेपेला एकटाच जाऊन येईल.