इराणमधले चर्कस

चर्कस म्हणजे कॉकेशसच्या, म्हणजे काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या मधल्या डोंगराळ मुलखाच्या, वायव्य भागातले लोक. ते स्वतःला अदिघे म्हणवतात, चर्कस हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं. तुर्कस्तान आणि जॉर्डनमध्ये आज जे चर्कस दिसतात त्यांच्यातल्या बहुतेकांचे पूर्वज रशियाने १८६४ मध्ये त्यांचा देश जिंकल्यावर तिथे गेले, पण इराणमधल्या चर्कसांची गोष्ट त्याच्या तीनेकशे वर्षं आधी, इराणवर सफवी घराण्याचं राज्य होतं त्या काळात सुरू होते.

सफवी राजा शाह तहमास्पने १५४० ते १५५४ मध्ये जॉर्जियावर चार स्वाऱ्या केल्या आणि हजारो बायका-पोरं पकडून आणली. त्या काळात जॉर्जियन, आर्मेनियन, चर्कस असे सगळेच कॉकेशसमधून इराणात येत गेले, कोणी कैदी म्हणून तर कोणी सोयरिकीतून. मुलांना मुसलमान करून ‘गुलाम’ म्हणून वाढवायचे. आपल्याकडे गुलाम म्हटलं की राबणारा माणूस डोळ्यासमोर येतो, पण इथला गुलाम थेट शाहचा माणूस, तो पुढे सेनापती नाहीतर सुभेदारसुद्धा व्हायचा. किझिलबाश, म्हणजे सफवींच्या फौजेतल्या तुर्कमान टोळ्यांचे सरदार डोईजड झाले होते ना, त्यांना तोड म्हणून शाह अब्बासने (१५८८–१६२९) ही फौज आणखी वाढवली.

चर्कसांचं वजन किती होतं ते १५७६ मध्ये दिसलं. तहमास्प वारला आणि त्याचा मुलगा हैदर मिर्झा याने स्वतःला शाह जाहीर केलं, त्याची आई जॉर्जियन म्हणून जॉर्जियन मंडळी त्याच्या बाजूने. पण परीखान खानुम ही तहमास्पची मुलगी, तिची आई चर्कस, तिला दुसरा भाऊ इस्माईल गादीवर हवा होता. तिने हैदरला आपण तुझ्याच बाजूने आहोत असं भासवलं, राजवाड्याबाहेर पडली आणि किल्ल्या सरळ आपल्या मामाच्या, शमखाल सुलतानच्या हातात दिल्या. मामा हत्यारबंद माणसं घेऊन आत घुसला. हैदर बायकांचे कपडे घालून निसटू पाहत होता, ओळखला गेला आणि मारला गेला. दोन वर्षं होत नाहीत तोवर, फेब्रुवारी १५७८ मध्ये परीखानलाही मारलं आणि तिच्या मामालाही. इतक्या हुशार बाईचा असा शेवट वाचून मला फार वाईट वाटतं.

पुढेही चर्कस आयांचे मुलगे गादीवर आले, शाह अब्बास दुसरा आणि त्याचा मुलगा सुलेमान हे दोघेही.

पण सगळे काही दरबारी नव्हते. फार्स प्रांतात अस्पासच्या आसपास शाह अब्बासने जॉर्जियन आणि चर्कसांना जमीन कसायला वसवलं, आणि जवळच्या देझकुर्द गावातले लोक आजही आपलं मूळ चर्कस सांगतात. भाषा मात्र राहिली नाही, सगळे फारसी बोलतात. इस्फहान प्रांतातल्या फेरेदुनशहरचे जॉर्जियन अजून घरात जॉर्जियन बोलतात, हे पाहिलं की फरक जास्तच जाणवतो. मला वाटतं ते मोठ्या संख्येने एका जागी राहिले म्हणून भाषा टिकली, आणि चर्कस वाडा, फौज आणि लांबलांबची गावं यांत विखुरले, पोरं फारसीत वाढली, आणि अदिघे बोलणारी शेवटची म्हातारी माणसं कधी गेली त्याची कुठे नोंदसुद्धा झाली नाही.