घोडा का अडला? चाबकापासून चुचकारण्यापर्यंतची पार्श्वभूमी

भाकरी का करपली, पानं का सडली, घोडा का अडला, हे कोडं आपल्याला लहानपणी कोणी ना कोणी घातलेलंच असतं आणि तिन्हीचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. मला ते दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत अलिबागच्या किनाऱ्यावर आठवतं. कारण जून ते सप्टेंबर इकडे धंदा बंद, समुद्र खवळलेला, घोडे पत्र्याच्या शेडखाली दावणीला, खूर चिखलात भिजतायत, पाय मोकळे करायला जागा नाही पण चंदी, म्हणजे दाणा, मात्र चालू, आणि मग सुट्ट्या लागल्या की त्याच घोड्याने एका दिवसात गाडीला जुंपून घ्यायचं आणि ओहोटीच्या वाळूतून कुलाबा किल्ल्यापर्यंत शहाण्यासारखं जायचं. एखादा अडतो. एखादा कान पाडून चावायला येतो, एखादा ओल्या चमकत्या वाळूवर पाऊलच टाकत नाही. मग त्याच्यावर शिक्का बसतो, खोडील आहे. आणि चाबूक बाहेर येतो.

हल्ली टांगेवाल्यांची तरुण पोरं मोबाईलवर व्हिडिओ बघतात, घोड्याला न मारता कसं शिकवायचं, लगाम कसा ढिला सोडायचा वगैरे, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात हे सगळं फॉरेनचं फॅड. मला वाटतं दोघांचंही थोडं चुकतं. हे फॅड नाही कारण ते फार जुनं आहे, आणि पोरांना वाटतं तितकं ते कायम मवाळही नव्हतं.

आपल्याकडे घोडा शिकवणाऱ्या माणसाला शब्दच मुळी चाबूकस्वार. इंग्रजीत तर घोडा 'ब्रेक' करतात, म्हणजे मोडतात. भाषाच सांगते की शिकवणं म्हणजे काय असं लोकांना वाटत होतं.

पण घोड्याच्या ट्रेनिंगवरचा सगळ्यात जुना मजकूर, म्हणजे साधारण 3400 वर्षांपूर्वीचा, मितानी या पश्चिम आशियातल्या जुन्या राज्यातल्या किक्कुली नावाच्या माणसाचा, त्यात मारझोडीपेक्षा फिरवण्याचाच हिशोब जास्त आहे. आजच्या तुर्कस्तानात बोगाझकोय इथे हित्ती लोकांच्या राजधानीत या मातीच्या पाट्या सापडल्या. रथाच्या घोड्याला कुठल्या दिवशी किती पळवायचं, कधी पाणी, कधी उपाशी, कधी आंघोळ, असा जवळजवळ सात महिन्यांचा कार्यक्रम. मजा म्हणजे त्यात फेऱ्यांना जे शब्द आहेत ते ऐकून मराठी माणूस दचकेल: ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न. एक, तीन, पाच, सात फेऱ्या. भाषा वेगळी पण आकडे ओळखीचे, आणि वर्तन म्हणजे वळणं, फिरणं. आपल्या कोड्याचं उत्तर इतकं जुनं आहे. अर्थात किक्कुली काही प्रेमळ आजोबा नव्हता, त्याला लढाईला दमदार घोडे हवे होते, बास.

भारतात घोड्याच्या वैद्यकाला शालिहोत्र या प्राचीन ऋषीचं नाव जोडलेलं आहे, त्यावरूनच जुन्या हिंदीत घोड्याच्या डॉक्टरला सालोत्री म्हणायचे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावर वेगळा अध्याय आहे आणि त्यात स्वभावानुसार घोड्यांचे तीक्ष्ण, भद्र आणि मंद असे प्रकार सांगून प्रत्येकाला त्याच्या जोगतं काम द्यावं असं म्हटलंय. मला हे फार आवडतं, म्हणजे सगळ्यांना एकाच गाडीला जुंपायचं नाही. पण याच परंपरेत अंगावरचे केसांचे भोवरे बघून घोडा शुभ की अशुभ ठरवायचीही पद्धत होती आणि ती आजही बाजारात चालते. भोवरा चुकीच्या जागी म्हणजे खोट घोड्यातच, मालकाने काय केलं हा प्रश्नच संपला.

तो प्रश्न स्वच्छपणे विचारणारा माणूस म्हणजे ग्रीसमधला झेनोफन, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला, पेशाने सैनिक, त्यामुळे हळवेपणाचा आरोप त्याच्यावर करता येत नाही. घोडेस्वारीवर त्याने एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की रागात असताना घोड्याच्या जवळ जाऊच नये. शिंगराला मोतद्दाराने, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या नोकराने, गर्दीतून, आवाजातून फिरवावं आणि ते बुजलं तर न चिडता, शांत करून दाखवावं की यात भिण्यासारखं काही नाही. आणि पुढचं वाक्य तर आजच्या कुठल्याही प्राणी-वर्तनाच्या तज्ज्ञाने लिहावं असं आहे: घोडा एखाद्या वस्तूला घाबरला असताना त्याला फटके मारले तर भीती वाढते, कारण घोड्याला वाटतं की हे दुखतंय ते त्या वस्तूमुळेच. किनाऱ्यावर उभं राहून विचार करा. घोडा लाटेला बुजला, तुम्ही चाबूक मारला, आता घोड्याच्या डोक्यात लाट आणि मार यांची गाठ बसली. उद्या तो दहा पावलं आधीच थांबणार.

पण याच झेनोफनकडे दोन लगाम (म्हणजे तोंडात घालायची कडी) असायचे, एक गुळगुळीत आणि एक दातेरी, आधी दातेरी घालायचा म्हणजे मग गुळगुळीत गोड वाटतो. त्याच्या दृष्टीने ही मवाळ युक्ती होती. आपल्याकडे 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा आला आणि त्याखाली 1965 साली ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी नियम झाले, त्यात काटेरी लगाम वापरायला सरळ बंदी आहे. म्हणजे झेनोफनचा दुसरा लगाम आज अलिबागला घातला तर गुन्हा होईल. (तरी काटेरी लगाम दिसतात, ते सोडा.)

आता जरा कोकणात येऊ कारण आपला किनारा घोड्यांच्या बाबतीत नुसता टूरिस्ट स्पॉट नाही. घोडा दख्खनला यायचा तो मोठ्या प्रमाणात समुद्रातून, अरबस्तान आणि इराणकडून, चौल, दाभोळ, गोवा अशा बंदरांवर. मार्को पोलोने ठाण्याबद्दल लिहिलंय की तिथल्या राजाने समुद्री चाच्यांशी ठरवलं होतं, लूट तुमची पण पकडलेले घोडे माझे. इतकी टंचाई. 1470 च्या आसपास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला, जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि मोठ्या खटपटीने त्याला परत मिळाला. निकितिनने असंही लिहून ठेवलंय की इकडे घोड्यांना कडधान्य देतात आणि साखर-तेल घालून खिचडी शिजवून घालतात. आठवडेच्या आठवडे गलबताच्या पोटात उभा राहिलेला, कोरड्या हवेतला घोडा, उतरला तो चौलच्या दमट उकाड्यात आणि पुढ्यात खिचडी. तो जर लाथा झाडत असेल तर त्याला खोडील म्हणायचं का, तुम्हीच ठरवा. घोड्याचं पोट दिवसभर थोडं थोडं गवत चरायला बनलेलं आहे, आम्ल सतत सुटत राहतं, आणि पोट तासन्‌तास रिकामं राहिलं की जखमा होतात. बऱ्याच 'खोडी' या पोटदुखी असतात.

मराठ्यांच्या काळात पागा, बारगीर (सरकारी घोड्यावरचा स्वार), शिलेदार (स्वतःचा घोडा आणणारा) हे सगळं आलं आणि भीमथडीची, म्हणजे भीमा नदीकाठची, काटक तट्टं नावाजली गेली. पण कोकणपट्टी ही कधीच घोडे पैदा करणारी जमीन नव्हती, पाऊस, चढउतार, चाऱ्याची अडचण, त्यामुळे आपल्याकडे घोडा नेहमी बाहेरूनच आलेला, बऱ्याचदा दोन-तीन हात फिरलेला. आजही सारंगखेड्याच्या किंवा तसल्या बाजारातून आणलेल्या जनावराची आधीची हकीकत कोणालाच माहीत नसते. आधी वरातीत नाचवलेला, बँडच्या आवाजाने कान किटलेला घोडा आपण समुद्रावर आणतो जिथे पॅरासेलिंगची जीप आणि चार चाकी बाइक्स घोंघावतायत.

तिकडे युरोपात दीड-दोन हजार वर्षांत झेनोफन जवळपास विसरला गेला. 1550 साली नेपल्सच्या ग्रिझोने या घोडेस्वारीच्या उस्तादाने पुस्तक लिहिलं त्यात अडेल घोड्याच्या मागे काठीला जिवंत मांजर बांधून लावण्यासारखे उपाय आहेत. वाचवत नाही. नंतर फ्रान्समध्ये प्लुविनेल आणि 1730 च्या सुमारास ला गेरिनिएर या घोडेस्वारीच्या उस्तादांनी पुन्हा समजुतीची वाट धरली, पण तो राजेरजवाड्यांचा मामला. गावातल्या गाडीच्या घोड्याच्या नशिबी चाबूकच.

मग येतात जादूगार. आयर्लंडमधला सुलिव्हन, 1810 साली वारला, हा माणूस बिथरलेल्या घोड्याबरोबर स्वतःला कोंडून घ्यायचा आणि अर्ध्या तासाने घोडा गाय झालेला. लोकांना वाटायचं तो कानात मंत्र सांगतो, त्यावरून कानात कुजबुजणारा ही उपाधी आली. गुपित त्याच्याबरोबरच गेलं.

खरा गाजला तो अमेरिकेतल्या ओहायोचा जॉन रेरी. 1858 साली त्याने व्हिक्टोरिया राणीपुढे प्रयोग केले आणि क्रूझर नावाचा माणसांवर धावून जाणारा घोडा काही तासांत हाताळून दाखवला. दहा गिनी फी आणि वर गुप्ततेची शपथ, तरी लोक रांगा लावत होते. युक्ती अशी की पुढचा एक पाय पट्ट्याने दुमडून बांधायचा, तीन पायांवर घोडा थकतो, शेवटी खाली बसतो, मग त्याच्या सगळ्या अंगावरून हात फिरवायचा, ढोल वाजवायचा, छत्री उघडायची, आणि तरीही काही वाईट होत नाही हे त्याला कळू द्यायचं. त्या काळी लोकांना हा दयेचा कळस वाटला कारण फटका नव्हता. आज बघितलं तर अर्धा भाग उत्तम आहे, म्हणजे ढोल-छत्रीचा, आणि अर्धा भाग शंकेचा, कारण पळता येत नाही हे कळल्यावर जनावर शांत होत नाही, हरतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. 1967 च्या सुमारास सेलिगमन वगैरे मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून या हरण्याला शिकलेली असहायता असं नाव मिळालं, पण ते रेरीनंतर शंभर वर्षांनी.

घोडा माणसाला किती वाचतो हे मात्र एका फजितीतून कळलं. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा बेरीज-वजाबाकी करून टापा मारून उत्तर द्यायचा, मालकालाही मनापासून वाटायचं की घोडा शिकलाय. 1907 मध्ये फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तपासून दाखवलं की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्सलाही येत नाही. बरोबर आकड्याला माणसाचं डोकं नकळत किंचित हलायचं, घोडा ते बघून थांबायचा. लोक हसले की घोडा ढ निघाला. अहो, ज्याला मालकाच्या मानेचा केसभर हेलकावा दिसतो त्याला तुमच्या खांद्यातला राग दिसत नसेल?

अमेरिकेतले टॉम आणि बिल डोरन्स हे भाऊ आणि त्यांचा शिष्य रे हंट यांनी विसाव्या शतकात गुरंराख्यांच्या पद्धतीलाच वळण दिलं. त्यांचं सार आपल्या भाषेत असं की घोड्याला योग्य गोष्ट सोपी वाटेल अशी मांडामांड करायची, दाब द्यायचा तो हलका आणि त्याने पाऊलभर जरी प्रयत्न केला तरी त्या क्षणी दाब सोडायचा. शिकवतो तो दाब नाही, दाब सुटणं शिकवतं. आपल्याकडे नेमकी इथेच गडबड होते. घोडा एक पाऊल टाकतो आणि लगाम मात्र ताणलेलाच, वर अजून एक सटका, मग त्याला कळणार कसं की बरोबर काय केलं?

1989 साली मॉन्टी रॉबर्ट्स या अमेरिकन घोडे शिकवणाऱ्याने विंडसरला एलिझाबेथ राणीपुढे गोल रिंगणात असाच खेळ दाखवला, घोड्याला दूर पळवायचं, त्याने जवळ यायची खूण केली की पाठ वळवून उभं राहायचं, मग तो आपणहून मागे येतो. जगभर वाहवा झाली, घोड्याची भाषा वगैरे. 2012 मध्ये सिडनीच्या संशोधकांनी रिंगणात माणसाऐवजी रिमोटवरची खेळण्यातली गाडी ठेवून तसंच केलं आणि घोडे तिच्यामागेही चालायला लागले. म्हणजे भाषा कमी आणि दाब-सूट जास्त. यात रॉबर्ट्सचा अपमान नाही, पद्धत चालतेच, फक्त तिला जादू म्हणू नये. आता तर दाबाऐवजी खाऊ देऊन शिकवणारेही बरेच आहेत, बरोबर केलं की टिकटिक आवाज आणि लगेच घास, डॉल्फिनवाल्यांकडून आलेली पद्धत.

आमच्या ओळखीच्या एका टांगेवाल्या काकांचा घोडा किल्ल्याच्या वाटेवर नेमका पाण्याच्या सुरुवातीला अडायचा. पोरगा म्हणाला भीती, रोज थोडं थोडं पाण्यापाशी नेऊ. ते बरोबरच होतं, घोड्याला पाण्याची खोली पटकन कळत नाही आणि नीट बघायला त्याला मान खाली घालू द्यावी लागते, ती लगामाने वर ओढून धरली की तो अर्धा आंधळा. लगाम ढिला सोडला, आठवडाभर नेलं, थोडा फरक पडला. पण काका म्हणाले, "अरं बाला, तो डावीकडंच मान झाडतोय, पान्याचं नाय काय, तोंडात बघ." डॉक्टर आले तर दाढेला धार येऊन गालाच्या आतून कापलेलं, पाण्यात शिरताना डावा लगाम खेचला जायचा आणि तिथेच दुखायचं. दाढ घासून घेतली. पंधरा दिवस गाडी बंद, नुसतं मोहरकीवर, म्हणजे तोंडात लगाम न घालता दोरीवर, सकाळ-संध्याकाळ फिरवणं.

तो घोडा आता किल्ल्यापर्यंत बिनतक्रार जातो. परतीला मात्र केळीवाल्या मावशीपाशी थांबतो म्हणजे थांबतोच, कारण त्या पंधरा दिवसांत ती रोज त्याला सालं द्यायची. ही खोड मोडायच्या भानगडीत अजून कोणी पडलेलं नाही, गिऱ्हाईकं तेवढ्यात केळी घेतात.