शिंपला मिटला की चव लागते

टोकियोच्या निशि-कासाई भागातल्या त्या इझाकायात शिरलो तेव्हा बाहेर पाऊस होता आणि आत धूर. टेकतोय न टेकतोय तोच हातात गरम ओला रुमाल आला आणि पाठोपाठ एक न मागवलेली वाटी, तिळाच्या तेलात परतलेलं गाजर आणि कमळकाकडी. "हे आपण कुठे मागवलं?" मी विचारलं. "ताई, ह्याला ओतोशी म्हणतात. बसायचे पैसे समज. बिलात लागतात," धाकटी बहीण म्हणाली. आठ वर्षं टोकियोत काढल्यावर तिला याचं काही वाटत नाही. मी मात्र येनचे रुपये करून पाहिलेच.

इझाकाया म्हणजे शब्दशः बसून प्यायचं दारूचं दुकान. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, साके विकणारे दुकानदार गिऱ्हाइकांना तिथेच बसून पिऊ द्यायला लागले, मग सोबत तोंडात टाकायला काहीबाही ठेवायला लागले, आणि होता होता चखण्याचंच जेवण झालं. आमच्या मेनूकार्डावर जपानी पदार्थांना खेटून कोरियाची किमची होती, मोमोसारखे ग्योझा होते, तोफूचा म्हणजे सोयाबीनच्या पनीरचा तिखट मापो तोफू होता. ग्योझा जपानात पसरले ते महायुद्धानंतर मांचुरियातून परतलेल्या लोकांमुळे. मापो तोफू रुजवला तो 1952 साली जपानात आलेल्या चेन केनमिन या चीनच्या सिचुआन प्रांतातल्या आचाऱ्याने. 'एशियन फ्यूजन' अशा पाट्या आता पुण्या-मुंबईतही दिसतात. इथल्या गल्लीबोळांनी तो उद्योग पाटी न लावताच उरकून टाकलाय.

पहिली बशी आली आगेदाशी तोफूची. तळलेल्या तोफूवर पातळ रस्सा, वर लाकडाच्या भुशासारख्या गुलाबी-तपकिरी पापुद्र्यांचा ढीग. आणि तो ढीग हलत होता. पापुद्रे वळवळत होते, मुडपत होते, पुन्हा उलगडत होते. हे कात्सुओबुशी. कुप्याच्या जातकुळीतला मासा उकडून, आठवडे-आठवडे धुरी देऊन, चांगल्या प्रतीचा असेल तर त्यावर बुरशी चढवून पुन्हापुन्हा वाळवतात. शेवटी तो इतका कडक होतो की सुताराच्या रंध्यासारख्या पात्यावर घासूनच त्याचे पापुद्रे काढावे लागतात. पापुद्रा कागदाहून पातळ, पण सगळीकडे सारखा नाही. खालून वाफ आली की पातळ भाग आधी ओलावा पितो, जाड भाग मागे राहतो आणि सगळा पापुद्रा पीळ घेतो. पावसाळ्यात पापड वाकडे होतात त्यातलाच प्रकार, फक्त इथे तो डोळ्यांदेखत घडतो.

खरी गंमत त्याच्या खालच्या रश्शात. दाशी म्हणतात त्याला. कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ कोमट पाण्यात मुरवायचं, काढून टाकायचं, मग त्यात कात्सुओबुशी घालून गाळून घ्यायचं. ना फोडणी, ना वाटण. मालवणी माणसाने याला बेचव पाणी म्हणावं. मीही पहिल्या घोटाला तेच म्हणणार होते, पण चव जिभेवरून उतरेचना. तिखट नाही, आंबट नाही, नुसती मागे रेंगाळणारी.

किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञालाही घरी उकडलेला तोफू खाताना हेच जाणवलं, असं सांगतात. टोकियो इम्पीरियल विद्यापीठात शिकवणाऱ्या इकेदांनी 1908 साली कोम्बूतून त्या चवीचा गाभा वेगळा काढला: ग्लुटामेट. खारट, गोड, आंबट, कडू यांत न बसणाऱ्या या चवीला त्यांनी नाव दिलं उमामी. 1913 साली शिंतारो कोदामा यांना कात्सुओबुशीत दुसरं द्रव्य सापडलं, इनोसिनेट. आणि 1957 च्या सुमारास अकिरा कुनिनाका यांनी शिताके अळिंब्यांतल्या ग्वानिलेट या तशाच द्रव्यावर काम करताना जे दाखवलं ते मला या सगळ्यात भारी वाटतं. ग्लुटामेट आणि इनोसिनेट एकत्र आले की चवींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळले तर उमामी तेवढ्याच वजनाच्या नुसत्या ग्लुटामेटच्या सात-आठ पट तीव्र लागते. शेवाळ आणि मासा एकाच पातेल्यात घालणाऱ्या स्वयंपाक्यांना हे शेकडो वर्षं ठाऊक होतं, फक्त त्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला नव्हता.

असं का होतं, हे कळायला 2008 साल उजाडलं. जिभेवर उमामी ओळखणारा जो ग्राहक रेणू आहे, त्याचा बाहेरचा भाग अर्धवट उघड्या तिसरीसारखा असतो, दोन शिंपा आणि मध्ये बिजागरी. ग्लुटामेट बिजागरीपाशी जाऊन बसतो आणि शिंपले मिटतात. ते मिटले की मेंदूकडे निरोप जातो. पण नुसत्या ग्लुटामेटवर ते फार वेळ मिटून राहत नाहीत, पुन्हा उघडतात. इनोसिनेट येऊन चिकटतो तो शिंपल्यांच्या ओठांजवळ, आणि आतल्या ग्लुटामेटसकट त्यांना मिटलेलं धरून ठेवतो. निरोप जातच राहतो. घोट गिळून झाल्यावरही.

हे कळल्यापासून मला आपल्या घरचंच जेवण वेगळं दिसायला लागलंय. सुक्या बोंबलाच्या कालवणात आई हटकून टोमॅटो घालते. आंबटपणासाठी, असं ती म्हणते. पण आंबटपणाच हवा तर आमसुलं घरात असतातच की! पिकल्या टोमॅटोत ग्लुटामेट, माशात इनोसिनेट. दाशीच झाली ती, फक्त लाल.

इनोसिनेटचं आणखी एक मजेशीर आहे. जिवंत माशाच्या स्नायूत तो जवळजवळ नसतो. तिथे असतो एटीपी, पेशींचं इंधन. मासा मेला की हे इंधन पायरीपायरीने मोडत जातं आणि काही तासांत इनोसिनेटच्या पायरीवर येऊन साचतं. पुढे तेही मोडतं, आणि शेवटी उरतं ते कडवट हायपोझँथिन. त्यामुळे होडीतून उतरलेला फडफडता मासा सगळ्यात चविष्ट, हा किनाऱ्यावरचा लाडका समज तितकासा खरा नाही. ताज्या माशाचा कस दाताला लागतो. जिभेला लागायची चव थोडी उशिरा येते. जपानी आचारी काही मासे मुद्दाम थंडाव्यात मुरायला ठेवतात ते यासाठीच. (हे मी मालवणात बोलणार नाहीये.)

मग याकितोरी आली, बांबूच्या काडीवर कोंबडीचे तुकडे. काउंटरपलीकडे आचाऱ्याने एक कोळसा दुसऱ्यावर टेकवला तर काचेवर काच वाजावी तसा टण् आवाज झाला. हा बिन्चोतान. वाकायामा भागातल्या उबामे ओकचं लाकूड आधी मंद जाळून, शेवटी आच जवळपास 1000 अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन, बाहेर ओढून राख-वाळूखाली विझवतात. उरतो तो जवळपास निव्वळ कार्बन. त्यामुळे ज्वाळा नाही, लाकडाचा धूर नाही, नुसती अवरक्त किरणांची सणसणीत धग. धूर येतो तो निखाऱ्यावर ठिबकणाऱ्या चरबीचा, आणि तो हवाच असतो. मधूनमधून काडी 'तारे' नावाच्या सोया सॉसच्या रसात बुडते. सोयाबीनमधली प्रथिनं कोजी बुरशीने आधीच तोडून ग्लुटामेट मोकळा केलेला. कोंबडीत इनोसिनेट भरपूर. पुन्हा तीच जोडी. इझाकायात बशी कुठलीही मागवा, हे दोघं नाव बदलून हजर असतात. म्हणूनच बहुधा एकेका बशीत चार-पाचच घास असूनही काही कमी पडल्यासारखं वाटलं नाही.

"पण म्हणजे अजिनोमोटोच ना?" बहीण म्हणाली. हो, तोच ग्लुटामेट, पुडीतला. इकेदांच्या शोधावरून 1909 पासून विकला जाणारा. चायनीजच्या गाडीवर "भैया, अजिनोमोटो नका टाकू" म्हणणाऱ्या पिढीतल्या आम्ही दोघी. ही भीती आली 1968 साली. चायनीज हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, असं एका डॉक्टरने अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकाला पत्रातून कळवलं. संशयितांत सोया सॉस, स्वयंपाकातली दारू आणि मीठही होतं. बदनाम झाला एकटा अजिनोमोटो. पुढे काय खातोय हे ना खाणाऱ्याला माहीत ना देणाऱ्याला, अशा चाचण्या झाल्या तेव्हा नेहमीच्या प्रमाणात तो त्रास सातत्याने दिसला नाही. टोमॅटोतला ग्लुटामेट आणि पुडीतला, शरीराला यांत फरक कळत नाही. माझी तक्रार वेगळी आहे: पुडीमुळे फिक्या, घाईच्या रश्शालाही खोटा रुबाब येतो.

शेवटी मापो तोफू. पहिल्या घासाला तिखट, दुसऱ्याला ओठ झिणझिणले, तिसऱ्याला ओठ आहेत की नाहीत अशी शंका. मी चमचा खाली ठेवून म्हटलं, "तिरफळं!" जवळपास तीच. सिचुआनी मिरं, जपानी सान्शो आणि आपली तिरफळं ही तिन्ही झॅन्थॉक्सिलम या एकाच प्रजातीतली भावंडं. सिचुआनी मिऱ्यातलं सान्शूल हे द्रव्य स्पर्श ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवतं. म्हणजे ही चव नव्हेच, स्पर्श आहे. 2013 साली लंडनमध्ये लोकांच्या ओठांवर हे मिरं लावून, बोटाखाली थरथरणारं यंत्र ठेवून दोन्ही थरथरी जुळवायला सांगितल्या. उत्तर आलं सेकंदाला सुमारे 50 कंपनं. आपल्या घरातल्या विजेचीही वारंवारिता 50 हर्ट्झच, आणि टोकियोतलीही. ओसाकात 60 आहे. याचा अर्थ काहीही नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बहिणीने साबा आणला, आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ. फडताळातल्या डब्यातली तिरफळं ठेचून, काळ्या बिया फेकून, तिने त्याचं तिखलं केलं. शेजारच्या जपानी काकूंना वाटीभर नेऊन दिलं. संध्याकाळी वाटी परत द्यायला आल्या तेव्हा त्या दोन बोटं ओठांवर टेकवून हसत होत्या. "सान्शो?" त्यांनी विचारलं.